देवीचें रोपण, गोलस आणि धन्वंतरीच्या नांवावरील एक बनावट वचन

जुन्या वैद्यकाचीं बाडें संग्रहीं ठेवणाऱ्या मंडळींत एक वाद वारंवार निघतो. देवी टोचण्याची कला आमच्या पूर्वजांस पुरातन काळापासून ठाऊक होती, जेन्नर साहेबानें ती नव्यानें सांगितली इतकेंच, असें म्हणणारे गृहस्थ आधारादाखल धन्वंतरीच्या नांवावर मोडणारें एक वचन पुढें करितात. उलट पक्षाचे लोक ती सारीच कल्पना थट्टेवारी नेतात आणि इंग्रज येण्यापूर्वीं या देशांत देवीवर नवसापलीकडे उपाय नव्हता असें ठोकून देतात. आमच्या मतें दोन्ही पक्ष चुकतात व दोघांच्या चुकीचें मूळ एकच आहे. 'देवी टोचणें' या एका शब्दाखालीं दोन अगदीं भिन्न क्रिया दडलेल्या आहेत. त्या वेगळ्या केल्यावांचून कोणत्याहि कागदाचा अर्थ नीट लागणार नाहीं, आणि ज्या रोगाचा पृथ्वीवरून समूळ उच्छेद झाला असा मनुष्यजातीचा हा जो एकमेव रोग, त्याचा उच्छेद कशानें झाला हेंहि कळणार नाहीं.

प्रथम शब्द पाहूं. वैद्यक ग्रंथांत या रोगास मसूरिका म्हणतात. पुटकुळ्या मसुरेच्या दाण्यासारख्या दिसतात म्हणून हें नांव. सुश्रुतसंहितेंत मसूरिकेची गणना क्षुद्ररोगांत केली असून तिचें वर्णन अगदीं थोडक्यांत आटोपलें आहे. माधवनिदानांत मात्र तिला स्वतंत्र प्रकरण मिळालें आहे. आणि सोळाव्या शतकांतील भावमिश्राच्या भावप्रकाशांत शीतलादेवी वैद्यकाच्या ग्रंथांतच येऊन बसली आहे. क्षुद्ररोग, मग स्वतंत्र रोग, मग देवता, हा क्रम बोलका आहे. मराठींत 'देवी' हें रोगाचें व देवतेचें एकच नांव. श्रावण शुद्ध सप्तमीस शीतळेची पूजा घरोघर होत असे ती याच भीतीनें. गोवर व कांजिण्या हे निराळे रोग होत, हें जुन्या बायकांस पक्कें ठाऊक असे. कागद वाचणाऱ्यांचाच कधीं कधीं घोटाळा होतो.

पत्रांत 'अमक्यास देवी आल्या' असें असेल तर रोग समजावा. 'देवी काढविल्या' असें असेल तर कोणीतरी मुद्दाम केलेली क्रिया समजावी. परंतु ती क्रिया कोणती, हें त्या दोन शब्दांवरून ठरत नाहीं. कारण मनुष्याच्या देवीचा पू निरोगी मनुष्यास टोचणें आणि गाईच्या आंचळावरील फोडांपासून चालत आलेली लस टोचणें, या दोहोंसहि लोकांनीं तोच शब्द वापरला. या लेखांत पहिलीस आम्ही 'देवीरोपण' व दुसरीस 'गोलस' म्हणूं.

देवीरोपण या देशांत खरोखरच होतें, आणि त्याचे आधार चांगले आहेत. १७३१ सालीं कूल्ट नांवाच्या एका इंग्रजानें कलकत्त्याहून लिहिलेल्या पत्रांत बंगाल्यांतील 'टीका' देण्याची चाल वर्णिली आहे, आणि तिचा आद्य प्रवर्तक म्हणून तेथील लोक धन्वंतरी नांवाच्या वैद्याकडे बोट दाखवितात असेंहि नमूद केलें आहे. हें नांव वाचकांनीं लक्षांत ठेवावें; पुढें त्याचें काम पडेल. १७६७ सालीं लंडनांत छापलेल्या आपल्या पुस्तकांत हॉलवेल यानें तर हा विधि पायरीपायरीनें सांगितला आहे. वृंदावन, प्रयाग, काशी इत्यादि ठिकाणांचे ब्राह्मण तीनतीन चारचार जणांच्या टोळ्या करून, साथीचे दिवस येण्यापूर्वीं पोंचतील अशा बेतानें निघत. पुरुषांस कोपर व मनगट यांच्या मध्यें, स्त्रियांस कोपर व खांदा यांच्या मध्यें, बाहेरच्या अंगास लहानशा जखमा करीत. त्यांवर ठेवण्याचा कापूस आदल्या वर्षींच्या रोपणांतील पुवानें माखून जपून ठेवलेला असे. चालू साथीचा ताजा पू ते घेत नसत. कापसावर गंगाजलाचे दोनतीन थेंब टाकीत. मग पथ्य, थंड पाण्याचें स्नान, मोकळी हवा. आदल्या वर्षींचा व सौम्य झालेला पू वापरण्यांत पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव सांठविलेला होता, यांत आम्हांस शंका नाहीं. तुर्कस्तानांत व चीनांतहि निराळ्या रीतींनीं हेंच होत असे. इंग्लंडांत ही विद्या १७२१ च्या सुमारास तुर्कस्तानांतून गेली.

या रोपणाचा हिशेब असा. आपोआप आलेल्या मोठ्या देवींत शंभरांत वीस ते तीस माणसें मरत; रोपण केलेल्यांत शंभरांत एखाददुसरें. ज्या घरांत मूल देवींतून उठेपर्यंत त्याची मोजदाद करूं नये असें लोक मानीत, त्या घरास हा लाभ थोडा नव्हता. पण या विद्येस एक मर्मस्थानीं दोष होता. रोपणानें येणारी देवी ही खरीच देवी. ती रोग्यापुरती सौम्य असली, तरी त्याच्याजवळ बसणाऱ्या शेजाऱ्यास जी लागे ती सौम्य असेलच असें नाहीं. एका घरीं रोपण झालें व बाकीचा वाडा तसाच राहिला, तर त्या घराच्या संरक्षणाची किंमत वाड्यानें मोजावी. म्हणजे देवीरोपणानें मनुष्य वांचे, परंतु रोग जिवंत राही. किंबहुना तो जिवंत ठेवल्यावांचून ही विद्या चालवितांच येत नसे. कलकत्ता व भोंवतालच्या प्रदेशांत १८६५ सालच्या कायद्यानें रोपण बंद केलें त्याचें कारण हेंच. टीकादारांस त्यांत केवळ आपल्या धंद्यावरील घाला दिसला, आणि त्यांचा तो रागहि समजण्याजोगा होता.

गोलस ही दुसरी वस्तु. १४ मे १७९६ रोजीं जेन्नरनें सारा नेल्म्स नांवाच्या गवळणीच्या हातावरील फोडांतील द्रव जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाच्या दंडांत टोचला. जुलैंत त्याच मुलास खऱ्या देवीचें रोपण केलें तें लागलें नाहीं. १७९८ सालीं त्यानें आपलें पुस्तक छापलें. या लसीनें एकच फोड येतो, तो टोचल्या जागींच येतो, आणि तो जवळ बसणाऱ्यास देवी देत नाहीं. सर्व पुढील इतिहास या तिसऱ्या गुणावर उभा आहे.

परंतु लस ही कांहीं पुडींत बांधून पाठविण्याची जिन्नस नव्हती. उष्णतेनें ती निर्जीव होई. इंग्लंडाहून आफ्रिकेस वळसा घालून येणाऱ्या जहाजांतून पाठविलेली लस येथें पोंचेपर्यंत कामांतून गेलेली असे. अखेरीस व्हिएन्ना येथील डॉक्टर जां द कारो यानें खुष्कीची वाट धरली. कापडाचा तंतुमय बोळा लसींत भिजवून तो दोन काचांच्या मध्यें घालावा, सांधे बंद करावे, आणि सर्व वस्तु मेणांत पुन्हां पुन्हां बुडवून तिचा घट्ट गोळा करावा, अशी त्याची युक्ति. तो गोळा बगदादेस उघडला तेव्हां आंतील लस ओलीच होती. बगदादेस व बसऱ्यास माणसांच्या दंडांवर ती ताजी करून घेतली, आणि बसऱ्याहून जहाजानें मुंबईस धाडली. १४ जून १८०२ (शके १७२४) रोजीं मुंबईंत ॲना डस्टहॉल नांवाच्या एका नोकराच्या तीन वर्षांच्या मुलीस ती टोचली व ती लागली. हिंदुस्थानांतील हा पहिला यशस्वी प्रयोग. या मुलीच्या दंडावरील फोडांतून इतर मुलांस टोचलें, त्यांच्यापासून आणखी मुलांस, आणि ती परंपरा पुणें, सुरत, हैदराबाद, मद्रास व सिंहलद्वीप येथवर गेली. नोव्हेंबरांत ती कलकत्त्यास पोंचली. मराठ्यांच्या इतिहासाचे अभ्यासक १८०२ हें साल हडपसरच्या लढाईसाठीं व वसईच्या तहासाठीं लक्षांत ठेवितात. त्याच वर्षीं मुंबईच्या एका घरांत एका पोरीच्या दंडावर जें घडलें, त्याची नोंद आमच्या इतिहासग्रंथांत क्वचितच आढळते.

दंडावरून दंडावर ही रीत सांगावयास सोपी, चालवावयास फार कठीण. आठव्या दिवसाच्या सुमारास फोड पिकला कीं त्याच वेळीं दुसरें मूल हजर पाहिजे. एक आठवडा चुकला कीं साखळी तुटली. स्पेनच्या राजानें १८०३ सालीं अमेरिकेंतील आपल्या मुलुखांत लस धाडली ती बावीस अनाथ मुलांस जहाजावर घालून, दर आठवड्यास नव्या मुलांस टोचीत. आमच्याकडे उन्हाळ्यांत लस मरे, म्हणून काम हिवाळ्यांत करावें लागे. शिवाय टोचलेल्या मुलास आठ दिवसांनीं पुन्हां आणून त्याचा फोड दुसऱ्यांसाठीं फोडूं देण्यास आईबाप कांकूं करीत, तें साहजिकच होतें. कोणाच्या मुलाचा द्रव कोणाच्या अंगांत घालावा हा जातीचा प्रश्न होता, आणि दुसऱ्याच्या रक्तांतील इतर रोग त्यांतून येतात ही भीतीहि पोकळ नव्हती. उपदंश अशा रीतीनें पसरल्याचीं उदाहरणें युरोपांत घडलेलीं आहेत. सरकारी अहवालांतून 'एतद्देशीयांचा अडाणीपणा' हें शेलकें कारण वारंवार वाचावयास मिळतें. त्यांतील पुष्कळ अडाणीपणा हा वस्तुतः व्यवहारज्ञान होता असें आम्हांस वाटतें.

मुंबई इलाख्यांत १८२७ पासून निरनिराळ्या टापूंवर टोचणारे नेमून त्यांवर देखरेख करणारे डॉक्टर फिरत ठेवण्याची व्यवस्था झाली. ती पुढें इतर प्रांतांस नमुन्यादाखल झाली. दंडावरून दंडावर ही रीत सोडून वासरांवर लस वाढविण्याची रीत मुंबईंत आणण्याचें श्रेय मुख्यतः डॉक्टर अनंत चंद्रोबा यांजकडे जातें. हें १८६९ च्या सुमाराचें काम. १८७७ सालीं मुंबई शहरांत टोचणें सक्तीचें झालें व १८८० सालीं सर्व हिंदुस्थानाकरितां कायदा झाला, तरी तो लागू करणें न करणें स्थानिक संस्थांवर होतें. पुढें बेळगांव येथील संस्थेंत वासरांवर तयार केलेली लस इलाखाभर जात असे.

आतां त्या वचनाकडे वळूं. १८१९ च्या आरंभीं 'मद्रास कूरियर' या मद्रासेच्या इंग्रजी वृत्तपत्रांत असें प्रसिद्ध झालें कीं, गोलस ही हिंदूंस पूर्वींपासून ठाऊक असून धन्वंतरीच्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या एका ग्रंथांत ती स्पष्ट वर्णिली आहे. ग्रंथाचें नांव इंग्रजी अक्षरांत 'सक्तेय ग्रंथम्' असें छापलें. मूळ शब्द शाक्तेय कीं आणखी कांहीं, हें त्या अक्षरांवरून ठरत नाहीं. वचनाचा आशय असा कीं, गाईच्या आंचळावरील फोडांतील अथवा मनुष्याच्या खांदा व कोपर यांमधील फोडांतील द्रव शस्त्राच्या टोंकावर घ्यावा, दुसऱ्याच्या दंडावर रक्त येईपर्यंत त्याच जागीं टोचावें, म्हणजे द्रव रक्तांत मिसळून देवीचा ज्वर येतो. ही बातमी युरोपांतील नियतकालिकांनीं उचलली, तेथून ती ग्रंथांत गेली, ग्रंथांतून ग्रंथांत गेली, आणि शेवटीं आमच्याच लोकांनीं ती आपला पुरातन ठेवा म्हणून परत घेतली. अद्यापि ती पुस्तकांत आढळते.

ज्यांस हस्तलिखितांची संवय आहे त्यांच्या मनांत हें वाचतांच चार प्रश्न उभे राहतील. या ग्रंथाची पोथी कोठें आहे? कोठेंहि नाहीं. माधवनिदानावरील टीकाकारांनीं, भावमिश्रानें किंवा इतर संग्रहकारांनीं हें वचन उतरून घेतलें आहे काय? नाहीं, आणि मसूरिकेवर पानेंच्या पानें भरणारे, शीतलेचें स्तोत्रहि न वगळणारे ग्रंथकार एवढा खात्रीचा उपाय वगळतील हें संभवत नाहीं. १७३१ सालच्या पत्रांत किंवा १७६७ सालच्या पुस्तकांत गाईचा उल्लेख आहे काय? नाहीं, दोघांनींहि पाहिलें तें मनुष्याच्या देवीचें रोपण. चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. वचनांतील विधि कोणत्या परंपरेशीं जुळतो? टीकादार पुरुषांस कोपराखालीं टोचीत व कापूस वापरीत. वचनांतील खांदा व कोपर यांमधील जागा, शस्त्राचें टोंक, आणि गाईपासून किंवा दुसऱ्याच्या दंडापासून द्रव घेण्याचा विकल्प, हें सर्व जेन्नरच्या शिष्यांच्या रिवाजाशीं हुबेहूब जुळतें. ज्या कागदांत त्याच्या स्वतःच्या काळाची रीत न दिसतां सांपडविणाराच्या काळची रीत दिसते, तो कागद कोणी लिहिला हें शोधण्यास फार लांब जावें लागत नाहीं.

आणि येथें तर लांब जावेंच लागत नाहीं, कारण त्या काळच्या इंग्रजी लेखनांतच हें रहस्य उघड केलेलें आहे. मद्रासचा सनदी अधिकारी फ्रान्सिस व्हाइट एलिस हा संस्कृत व तामीळ यांचा उत्तम जाणता होता. त्यानें लसीवर संस्कृतांत एक लहानसें काव्य रचलें, तें जुन्या कागदावर लिहविलें, आणि सांपडलें म्हणून सांगितलें. हेतु असा कीं, गाय पवित्र, उपाय गाईपासूनचा, त्यांत ग्रंथहि जुना, म्हणजे ब्राह्मणांचा विरोध मावळेल. मद्रासेच्याच डॉक्टर अँडरसन यानेंहि तीच युक्ति योजिली असें त्याच ठिकाणीं म्हटलें आहे. वृत्तपत्रांतील वचन हें त्या काव्याचेंच रूप असावें असा तर्क सयुक्तिक दिसतो. डॉमिनिक वूयास्टिक यांनीं १९८७ सालीं ही सर्व परंपरा तपासून तिला 'सद्धेतूची लबाडी' असें नांव दिलें, तें आम्हांस योग्य वाटतें. धन्वंतरीचें नांव कां निवडलें, याचें कारण १७३१ सालच्या पत्रांत आलेल्या लोकसमजुतींत असावें; नवें नाणें चालवावयाचें तर ओळखीचा छाप हवा.

या गोष्टींतील विलक्षण भाग असा कीं, हाच एलिस बनावट ग्रंथ पकडण्यांतहि पटाईत होता. 'एझूर वेद' नांवाचें एक पुस्तक व्हॉल्टेअरसारख्यानें प्राचीन म्हणून मानलें होतें व तें १७७८ सालीं छापलेंहि गेलें. त्याच्या पोथ्या पुदुचेरीस पाहून, हें मिशनरी पाद्र्यांचें अनुकरण आहे, वेद नव्हे, असें एलिसनेंच दाखविलें. तो निबंध त्याच्या मरणानंतर १८२२ सालीं 'एशियाटिक रिसर्चेस'च्या चौदाव्या भागांत निघाला. दुसऱ्याची सद्धेतूची लबाडी त्याला दिसली. स्वतःच्या लबाडीविषयीं त्याला काय वाटत असे कोण जाणे; १८१९ सालींच त्याचें देहावसान झालें. मुलें वांचावीं म्हणून केलेलें हें कृत्य आहे, तेव्हां त्याला चोरीच्या पंक्तीस बसवूं नये असें कोणी म्हणेल, व आम्हीहि बसवीत नाहीं. परंतु परिणाम पहा. त्या काव्यानें किती मुलांस टोचलें गेलें हें कोणास सांगतां येणार नाहीं. दोनशें वर्षें अभ्यासकांची दिशाभूल मात्र निश्चित झाली. शिवाय टीकादारांची खरी विद्या, जिला साक्षीदार आहेत, ती या खोट्या वचनाच्या सावलींत झांकून गेली. आमच्या पूर्वजांस जें श्रेय खरोखर देणें आहे त्यास अशा टेकूची जरूरी नाहीं.

संग्राहकांसाठीं व्यवहाराची एक गोष्ट सांगून ठेवितों. जुन्या वैद्यकाच्या बाडांत शेवटीं कोरीं पानें सुटलेलीं असतात, आणि त्यांवर पुढील पिढ्यांनीं नुसखे लिहून ठेवलेले असतात. असा नुसखा गोलसीचा निघाला, तर बाड १७०० च्या आंतील आहे एवढ्यावरून नुसखाहि तितकाच जुना ठरत नाहीं. शाई, अक्षराचें वळण, ओळींची आंखणी हीं आधीं ताडून पहावीं. कागद जुना व लेखन नवें, हा तर एलिसचाच मार्ग.

गाईचा अभिमान बाळगणाऱ्यांस आणखी एक चमत्कारिक गोष्ट कळवावी लागेल. दीडशें वर्षें जगभर टोचली जात असलेली लस ही गाईच्या देवीहून भिन्न आहे, असें डाउनी यानें १९३९ सालीं दाखविलें. आणि १९०२ सालच्या एका अमेरिकन लसीचें अलीकडे सूक्ष्म परीक्षण झालें त्यांत तिचें अत्यंत जवळचें नातें घोड्याच्या देवीशीं निघालें. स्वतः जेन्नरासहि मूळ घोड्याच्या खुरांत असावें असा संशय होता. तेव्हां गाईचें नांव घेऊन चाललेल्या या वस्तूंत गाईचा वांटा किती, हें सांगणें आज कठीण झालें आहे.

उच्छेदाची कथा विसाव्या शतकांतील असून ती बहुतेकांस स्थूलमानानें ठाऊक आहे; म्हणून मर्माच्याच गोष्टी सांगतों. देवीचा रोग मनुष्याखेरीज कोणत्याहि प्राण्यांत वास करीत नसे. तो झाला कीं तोंडावर दिसे, लपून राहत नसे. आणि एकदां होऊन गेला कीं पुन्हां सहसा होत नसे. म्हणून मनुष्यामनुष्यांतील साखळी सर्वत्र एकदम तोडली तर रोगास रहावयास जागाच उरत नाहीं, हा हिशेब. रशियाचे झ्दानोव यांनीं १९५८ सालीं जागतिक आरोग्य संघटनेपुढें उच्छेदाची सूचना मांडली व पुढील वर्षीं ती मान्य झाली. खरा जोर १९६७ पासून आला. तोंपर्यंत दोन साधनें सिद्ध झालीं होतीं. उन्हांत न बिघडणारी सुकविलेली लस हें एक, व टोंकास दुभागलेली सुई हें दुसरें. या सुईच्या दोन दांत्यांमध्यें लसीचा नेमका एक थेंब राही, आणि खेड्यांतील साधा मनुष्यहि ती थोड्या वेळांत चालवावयास शिके.

हिंदुस्थानांत १९६२ पासून सर्वांस टोचण्याची मोहीम चालू होती. आंकडे भरपूर जमले, रोग हटला नाहीं. शाळेंतलीं मुलें हाताशीं सांपडत म्हणून त्यांस पुन्हां पुन्हां टोचलें जाई. भटके, मजूर, फुटपाथवरचे लोक सुटून जात, आणि रोग नेमका त्यांच्यांतच फिरे. १९७३ च्या सुमारास पद्धत बदलली. सर्वांस टोचण्याच्या मागें न लागतां रोगी शोधावयाचा, त्याचें घर राखणदार बसवून बंद करावयाचें, आणि त्याच्या भोंवतालच्या सर्वांस टोचून कडें घालावयाचें, अशी ही रीत. ती विल्यम फेगी यांनीं नायजेरियांत प्रथम अनुभवास आणली होती. येथें तिच्यासाठीं लाखाहून अधिक माणसें एकेका आठवड्यांत सुमारें दहा कोटी घरांस भेट देत. देवी आलेल्या मुलाचें चित्र दाखवून 'असें कोणी पाहिलें काय' असें बाजारांत व शाळांत विचारीत. रोगी कळविणाऱ्यास प्रथम थोडें बक्षीस होतें, शेवटीं तें हजार रुपयांपर्यंत गेलें. १९७४ सालीं मात्र असें वाटलें कीं सर्व फसलें: त्या वर्षीं देशांत सुमारें १,८८,००० रोगी नोंदले गेले, त्यांतील बहुतेक बिहारांतील. खरी गोष्ट ही कीं, शोध चांगला झाल्यानें पूर्वीं न दिसणारे रोगी दिसूं लागले होते. मे १९७५ मध्यें बिहारांत देशांतील शेवटचा रोगी सांपडला. त्याच महिन्याच्या २४ तारखेस आसामांत करीमगंज येथें बांगलादेशाहून आलेली एक बाई आढळली, आणि मग कोणी नाहीं. बांगलादेशांत भोला बेटावर ऑक्टोबर १९७५ मध्यें रहिमा बानू ही लहान मुलगी आपोआप आलेल्या मोठ्या देवीची जगांतील अखेरची रोगी ठरली. सौम्य जातीचा शेवटचा रोगी सोमालियांतील मर्का गांवच्या इस्पितळाचा आचारी अली माओ मालिन, ऑक्टोबर १९७७. इस्पितळांत काम करूनहि त्याला लस लागलेली नव्हती. तो बरा झाला, आणि पुढें पोलिओच्या मोहिमेंत खेडोपाडीं हिंडून लोकांस, माझ्यासारखें करूं नका, असें सांगत असे. १९७७ च्या एप्रिलांत हिंदुस्थान व ८ मे १९८० रोजीं सर्व जग देवीमुक्त म्हणून जाहीर झालें. त्यापूर्वीं १९७८ सालीं बर्मिंगहॅम येथें प्रयोगशाळेंतून निसटलेल्या रोगानें एक स्त्री दगावली. तो या रोगाचा शेवटचा बळी.

१९७० पूर्वीं जन्मलेल्या आमच्या बहुतेक वाचकांच्या दंडावर लसीचा वण असेल. मुंबईस १८०२ सालीं आरंभ झालेल्या कामाचा तो साक्षात् कागद आहे, आणि त्याची नक्कल पुढील पिढ्यांस मिळणार नाहीं.

रोगाचे जंतु आज अधिकृतपणें अमेरिकेंत अटलांटा व रशियांत कोल्त्सोवो या दोनच ठिकाणीं ठेवलेले आहेत. परंतु अधिकृत यादीबाहेरचे जुने सांठे अनपेक्षित ठिकाणीं निघतात, व याच कारणासाठीं हा विषय संग्राहकांपुढें मांडला पाहिजे. २०१४ सालीं अमेरिकेंत बेथेस्डा येथील सरकारी शीतगृहांत विसरलेल्या एका खोक्यांत १९५० च्या सुमाराच्या देवीच्या जंतूंच्या कुप्या सांपडल्या. २००३ सालीं सांता फे येथील एका ग्रंथालयांत १८८८ सालच्या वैद्यकविषयक पुस्तकांत एक पाकीट निघालें. त्यावर अमक्याच्या मुलांच्या टोचण्यावरील खपल्या, असें लिहिलें होतें. त्या काळीं लस म्हणून खपल्या जपून ठेवीत असत. तें पाकीट पुढें तपासणीसाठीं सरकारी रोगनियंत्रण संस्थेकडे गेलें. आमच्याकडील टीकादारहि आदल्या वर्षींचा पू कापसांत सांठवीत, हें वर सांगितलेंच आहे. इतक्या वर्षांच्या उन्हाळ्यांनंतर त्यांत कांहीं जीव राहिला असेल असें नव्हे. तथापि एखाद्या वैद्यघराण्याच्या दप्तरांत कापसाची किंवा खपल्यांची पुडी आढळली, तर ती उलगडून पाहूं नये. पुडीवरील अक्षरें बाहेरूनच उतरून घ्यावीं, कोणत्या बाडांत व कोणत्या पानांमध्यें ती होती हें लिहून ठेवावें, आणि जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांस कळवावें.